कॉन्फिग फाइल बदलली, तरी बॅकअप जुन्याच वाटेने का जातो?

डिचोली तालुक्यातील एका वाचनालयाच्या संगणकाची देखभाल मी गेली काही वर्षे करतो. पुस्तकांची दाखल-नोंद, सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब आणि जुन्या हस्तलिखित अंकांची स्कॅन केलेली पाने असा सगळा ऐवज तेथील एकाच उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) संगणकावर आहे, आणि रोज रात्री साडेदहा वाजता त्याची प्रत आरक्लोन या मोफत सॉफ्टवेअरमार्फत इंटरनेटवरील साठ्यात जाते. ही प्रत पूर्वी माजी कार्यवाहांच्या वैयक्तिक खात्यात जात असे. ती संस्थेच्या नव्या खात्यात जावी असे कार्यकारिणीने ठरवले, तेव्हा मी वाचनालयात बसून नव्या खात्याची नोंद केली, कमांड हाताने चालवून पाहिली, नव्या खात्यात फाइली दिसल्या आणि निश्चिंत मनाने घरी गेलो. तीन आठवड्यांनी माजी कार्यवाहांचा फोन आला. "भाई, तुमचे वाचनालय अजून माझ्याकडेच मुक्कामाला आहे," ते म्हणाले. त्यांच्या खात्यातील मोफत १५ जीबी जागा भरत आली होती आणि ती पूर्ण भरली की ईमेल येणेही बंद होईल, अशी सूचना त्यांना मिळाली होती.

मी कॉन्फिग फाइल पुन्हा उघडली. तिच्यात नवेच खाते होते. कमांड पुन्हा हाताने चालवली. प्रत नव्याच खात्यात गेली. रात्री मात्र तीच कमांड आपोआप चालली की प्रत जुन्या खात्यात जात होती. सॉफ्टवेअर आपली कॉन्फिग फाइल वाचतच नाही, अशी तक्रार ज्यांनी कधी केली असेल, त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. या तक्रारीच्या मुळाशी काय असते आणि ते शोधावे कसे, हे येथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडतो.

कॉन्फिग फाइल म्हणजे सॉफ्टवेअरसाठी लिहून ठेवलेल्या सूचनांची साधी मजकूर-फाइल होय. कोणते फोल्डर घ्यायचे, कोणते वगळायचे, प्रत कोठे पाठवायची, किती जुन्या प्रती ठेवायच्या हे तिच्यात असते. सॉफ्टवेअर सुरू होताना ही फाइल शोधते, उघडते, तिचा अर्थ लावते आणि मग त्या अर्थाला इतर ठिकाणांहून आलेल्या सूचनांची जोड देऊन कामाला लागते. शोधणे, उघडणे, अर्थ लावणे आणि जोड देणे या चारही टप्प्यांवर घोटाळा होऊ शकतो. परंतु आपल्याला मात्र चारही घोटाळ्यांचे बाह्य लक्षण एकच दिसते, ते म्हणजे आपण केलेला बदल लागू होत नाही. म्हणूनच बहुतेक जण फाइलमधील मजकूर पुन्हा पुन्हा बदलत बसतात. माझ्या अनुभवात मजकुराचा दोष बराच उशिरा निघतो. सॉफ्टवेअर फाइल वाचतच असते. फक्त ती आपण उघडलेली फाइल नसते.

पत्त्याचे उदाहरण घेऊ. गोव्यात खोर्ली तिसवाडीतही आहे आणि म्हापशातही आहे. पाकिटावर नुसते 'खोर्ली' लिहिले आणि तालुका लिहिला नाही, तर पाकीट हरवत नाही. ते कोठेतरी पोचतेच, पण कोठे पोचते हे ते कोणाच्या हातात पडले यावर ठरते. नुसते फाइलचे नाव हे तालुक्याविना लिहिलेल्या गावासारखे असते. एकाच संगणकावर एकाच सॉफ्टवेअरच्या चार कॉन्फिग फाइली असू शकतात: एक सर्व संगणकासाठी असलेल्या 'ईटीसी' या फोल्डरात, एक प्रत्येक यूजरच्या होम फोल्डरातील 'डॉट कॉन्फिग' या लपलेल्या उपफोल्डरात, एक सॉफ्टवेअरच्या शेजारीच, आणि एक आपण कधीतरी प्रयोग म्हणून डेस्कटॉपवर केलेली. आरक्लोनच्या बाबतीत तर आरक्लोनच्याच फोल्डरात कॉन्फिग फाइल सापडली, तर होम फोल्डरातील फाइलपेक्षा तिला प्राधान्य मिळते.

त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारावा की सॉफ्टवेअर कोणती फाइल उघडत आहे. आरक्लोनला 'आरक्लोन कॉन्फिग फाइल' अशी कमांड दिली की ते वापरात असलेल्या फाइलचा पूर्ण पाथ, म्हणजे फाइलपर्यंतचा फोल्डरांचा पत्ता, छापते. अशी सोय नसलेल्या सॉफ्टवेअरसाठी एक गावठी पण खात्रीचा उपाय आहे. कॉन्फिग फाइलची प्रत बाजूला ठेवावी आणि मूळ फाइलच्या पहिल्याच ओळीत मुद्दाम काहीतरी निरर्थक लिहावे. त्यानंतर सॉफ्टवेअरने चूक दाखवली, तर ते हीच फाइल वाचते आहे आणि दोष पुढे शोधायला हवा. सॉफ्टवेअर काहीही न बोलता कामाला लागले, तर बहुधा ही फाइल त्याच्या गावीही नाही. फाइलचे नाव तात्पुरते बदलूनही हीच परीक्षा घेता येते, मात्र काही सॉफ्टवेअर फाइल न सापडल्यास ठरीव सूचनांवर गुपचूप काम करतात, म्हणून निरर्थक ओळीची परीक्षा मला अधिक बोलकी वाटते. एक काळजी घ्यावी. जे सॉफ्टवेअर जुन्या प्रती पुसते, त्याच्यावर ही परीक्षा थेट करू नये. आरसिंक, आरक्लोन, बोर्ग, रेस्टिक या प्रती काढणाऱ्या सर्व सॉफ्टवेअरमध्ये 'ड्राय रन' नावाची कोरडी फेरी आहे, तिच्यात काय झाले असते ते सांगितले जाते, प्रत्यक्षात काहीच हलत नाही.

वाचनालयात मी ही परीक्षा घेतली. माझ्या होम फोल्डरातील कॉन्फिग फाइलचे नाव बदलून ठेवले आणि रात्रीची वाट पाहिली. सकाळी पाहिले तर प्रत व्यवस्थित गेली होती, माजी कार्यवाहांच्या खात्यात. म्हणजे तीन आठवडे मी जी फाइल नीटनेटकी करत होतो, तिचा रात्रीच्या कामाशी काहीच संबंध नव्हता.

कारण असे होते. रात्रीचे काम क्रॉन हा वेळापत्रक सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू करत होता, आणि ते काम रूट यूजरच्या, म्हणजे संगणकावर सर्व अधिकार असलेल्या यूजरच्या, वेळापत्रकात नोंदलेले होते. मी हाताने कमांड देत होतो ती माझ्या यूजरखाली. आरक्लोन आपली फाइल 'होम फोल्डरात' शोधते, पण कोणाच्या होममध्ये? जो चालवतो त्याच्या. रूटचे होम वेगळे, माझे वेगळे, आणि दोन्ही घरांत एकाच नावाची फाइल होती. रूटच्या घरातील फाइल माझ्या आधी तेथे काम पाहणाऱ्याने केलेली, जुन्या खात्याची. अधिक लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, मी नवे खाते नोंदवायला बसलो तेव्हा आरक्लोनने पडद्यावर स्पष्ट लिहिले होते की एकही रिमोट (प्रत पाठवण्याच्या ठिकाणाची नोंद) सापडला नाही, नवा करायचा का. रोज रात्री प्रत पाठवणाऱ्या संगणकावर एकही रिमोट कसा नसेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मी ती ओळ वाचली, 'हो' म्हटले आणि रात्रीच्या कामाच्या कमांडांची फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, बदलावी लागू नये म्हणून नव्या रिमोटला जुनेच नाव दिले. नाव तेच ठेवल्यामुळे रात्रीच्या कामाला अडखळायचे काही कारणच उरले नाही. नाव नवे दिले असते आणि स्क्रिप्टमध्येही तेच घातले असते, तर पहिल्याच रात्री चूक येऊन सगळे उघड झाले असते.

यूजर बदलला की फाइल बदलते, हे तत्त्व एकदा कळले की अनेक कोडी सुटतात. काही उदाहरणे येथे सविस्तर देतो, कारण या प्रकारच्या तक्रारी मला सर्वांत अधिक भेटतात.

लिनक्सवर 'सुडो' लावून कमांड दिली की ती रूट म्हणून चालते, पण होम फोल्डर कोणाचे धरायचे हे व्यवस्थेवर अवलंबून असते. उबंटूमध्ये १९.१० या आवृत्तीच्या आधी सुडो लावल्यावरही होम आपलेच राहत असे, १९.१० पासून ते रूटचे धरले जाते. म्हणून जुन्या सूचनांप्रमाणे केलेली मांडणी संगणक अद्ययावत केल्यानंतर अचानक 'कॉन्फिग विसरते'. क्रॉनचा संसार त्याहून तुटपुंजा असतो. आपण लॉगिन केल्यावर आपल्या शेलच्या (टाइप केलेल्या कमांडांचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलीत ठेवलेल्या ज्या सोयी आपोआप मिळतात, त्यांतले काहीही क्रॉनला मिळत नाही. प्रोग्रॅम शोधण्याच्या जागाही दोनचारच असतात. त्यामुळे पासवर्ड किंवा कॉन्फिगचा पाथ आपल्या शेलच्या फाइलीत एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला सुरू होताना बाहेरून मिळणारी नावनिशीची किंमत) म्हणून ठेवला असेल, तर हाताने चालवताना तो मिळतो, रात्री मिळत नाही. सिस्टमडी, म्हणजे पडद्यामागची कामे (सर्व्हिस) सांभाळणारी लिनक्सची व्यवस्था, तिच्या टायमरवर चालणाऱ्या कामांचेही असेच. तेथे सर्व्हिसला यूजर नेमून दिला नसेल, तर होम हे व्हेरिएबल असेलच असे गृहीत धरू नये.

प्रत दुसऱ्या संगणकावर एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या पद्धतीने, जात असेल, तर आणखी एक गाठ असते. दूरच्या संगणकाचे टोपणनाव आपण आपल्या एसएसएच कॉन्फिगमध्ये लिहून ठेवतो. रूटला ते टोपणनाव ठाऊक नसते. काही जण मग होम हे व्हेरिएबल बदलून पाहतात, पण ओपनएसएसएच हे एसएसएचचे सॉफ्टवेअर होम फोल्डर त्या व्हेरिएबलवरून ठरवत नाही, यूजरच्या मूळ नोंदीवरून ठरवते; त्यामुळे हा प्रयत्न वाया जातो आणि गोंधळ मात्र वाढतो. शिवाय ती कॉन्फिग फाइल इतरांना लिहिण्यासाठी खुली असेल, तर ओपनएसएसएच ती नाकारते. तेथे सॉफ्टवेअरचे हे वागणे योग्यच आहे, कारण ज्या फाइलीत कोणीही ढवळाढवळ करू शकतो, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

विंडोजवर हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. बॅकअपचे सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून चालत असेल, तर ते बहुधा 'लोकल सिस्टम' नावाच्या अदृश्य यूजरखाली चालते, आणि त्या यूजरचे प्रोफाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डराच्या पोटात असते. आपण आपल्या प्रोफाइलमधील फाइल बदलतो. सर्व्हिस त्या फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. आपण जोडलेले नेटवर्क ड्राइव्हचे अक्षर, समजा 'झेड', हेही त्या सर्व्हिसला दिसत नाही. ड्युप्लिकाटी या सॉफ्टवेअरमध्ये तर सूचना मजकूर-फाइलीत नसून छोट्या डेटाबेसमध्ये असतात, आणि ते टास्कबारवरून चालवले की एक डेटाबेस, सर्व्हिस म्हणून चालवले की दुसरा. तेव्हा 'मी लावलेली सगळी कामे गायब झाली' असे म्हणणाऱ्याची कामे गायब झालेली नसतात, ती शेजारच्या खोलीत असतात.

विंडोजची आणखी एक जुनी खोड सांगण्यासारखी आहे. व्हिस्टापासून विंडोजने अशी सोय केली की एखादा जुना ३२ बिटचा प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहू पाहील आणि त्याला तसा अधिकार नसेल, तर चूक दाखवण्याऐवजी ते लिखाण गुपचूप त्या यूजरच्या 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या फोल्डरात वळवावे. प्रोग्रॅमला वाटते आपण मूळ फाइल बदलली. त्याच प्रोग्रॅममधून उघडून पाहिले, तर बदललेलीच दिसते. पण दुसऱ्या यूजरखाली चालणारी सर्व्हिस मूळ फाइल वाचते, जिच्यात काहीच बदललेले नसते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, आणि मधल्या मध्ये आपण वेडे होतो. जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि त्याचा बॅकअप अजून सांभाळणाऱ्या दुकानांत हा प्रकार आजही भेटू शकतो.

फाइलच्या नावाचा दोष मात्र दोन वाक्यांत संपतो. विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट लपवते, त्यामुळे नोटपॅडमध्ये जतन केलेली 'बॅकअप डॉट आयएनआय' ही फाइल प्रत्यक्षात 'बॅकअप डॉट आयएनआय डॉट टीएक्सटी' असू शकते. एक्सप्लोररमध्ये शेपटे दाखवण्याची सेटिंग कायमची चालू ठेवावी. लिनक्सवर याच्या उलट खोड आहे: डेबियन आणि उबंटूमध्ये रोजच्या कामांच्या 'क्रॉन डॉट डेली' या फोल्डरात ठेवलेल्या स्क्रिप्टच्या नावात टिंब असले, म्हणजे 'बॅकअप डॉट एसएच' असे नाव असले, की ती मुळीच चालवली जात नाही आणि कोणी तसे सांगतही नाही.

आता असे समजू की फाइल तीच आहे आणि सॉफ्टवेअर ती वाचतही आहे, परंतु तिचा अर्थ भलताच लावत आहे. आरस्नॅपशॉट हे बॅकअपचे सॉफ्टवेअर याचे ठळक उदाहरण. त्याच्या कॉन्फिगमध्ये सेटिंगचे नाव आणि त्याची किंमत यांच्यामध्ये टॅब लागतो. डोळ्यांना तितकेच अंतर दिसणाऱ्या स्पेस चालत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली किंवा वेबपानावरून उचललेली ओळ चिकटवली की टॅबची स्पेस झालेली असते. आरस्नॅपशॉट निदान तक्रार तरी करते, आणि 'कॉन्फिगटेस्ट' ही त्याची कमांड चालवून सर्व ठीक असल्याची ग्वाही आधीच घेता येते. यामल या कॉन्फिग लिहिण्याच्या पद्धतीच्या फाइलींत नियम नेमका उलटा आहे: तेथे ओळ आत सरकवण्यासाठी टॅब चालतच नाही, स्पेसच लागतात. आणि किती स्पेस, यावर अर्थ ठरतो. वगळायच्या फोल्डरांची यादी दोन स्पेस बाहेर सरकली, तर ती वेगळ्याच सेटिंगची यादी बनू शकते, आणि सॉफ्टवेअर अनोळखी नावांकडे दुर्लक्ष करणारे असेल, तर ती यादी तेथेच धूळ खात पडते. यामलच्या जुन्या १.१ आवृत्तीत तर अवतरणचिन्हाविना लिहिलेली २२:३० ही वेळ साठच्या पटीत मोजली जाऊन १३५० ही संख्या होते, कारण बावीस गुणिले साठ अधिक तीस म्हणजे तितकेच. वेळ, आवृत्तीक्रमांक आणि 'नो' यांसारखे शब्द अवतरणात लिहिण्याची सवय मी त्यानंतर लावून घेतली.

डोळ्यांना न दिसणारी अक्षरे हा या प्रकरणाचा सर्वांत चिवट भाग आहे. विंडोजवर लिहिलेल्या फाइलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अधिकचे चिन्ह असते. ती फाइल लिनक्सवर नेली की काही प्रोग्रॅम ते चिन्ह पाथचाच भाग समजतात आणि 'फोटो' या फोल्डराऐवजी 'फोटो अधिक एक अदृश्य चिन्ह' असे फोल्डर शोधतात, जे अर्थातच नसते. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीच्या आधीच्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची पद्धत निवडली की फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक अदृश्य खूण घातली जाई, आणि त्या खुणेमुळे पहिल्या ओळीतील शीर्षक काही सॉफ्टवेअरना ओळखूच येत नसे. वर्डमधून किंवा चॅटमधून आलेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हे वाकडी होतात आणि लागोपाठचे दोन हायफन जोडले जाऊन एक लांब रेघ होते. लिनक्सवर 'कॅट' या कमांडला मोठ्या लिपीतील 'ए' हा पर्याय जोडून फाइल छापली, की टॅबच्या जागी टोपी (^) आणि 'आय', ओळीच्या शेवटी डॉलर, आणि विंडोजचे ते अधिकचे चिन्ह असल्यास डॉलरच्या आधी टोपी आणि 'एम' दिसतात. हे पाच सेकंदांचे काम आहे, आणि त्याने माझ्या किती तरी संध्याकाळी वाचल्या असत्या.

मराठीत फोल्डरांची नावे ठेवणाऱ्यांसाठी यात एक खास खाच आहे. वाचनालयात 'येणाऱ्या रकमा' नावाचे एक फोल्डर आहे. ते बॅकअपमधून वगळावे, अशी ओळ मी लिहिली होती आणि तरीही ते प्रत्येक वेळी जात होते. नाव तंतोतंत तेच होते; मी पडद्याशी नाक लावून अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. फरक 'ऱ्या'मध्ये होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संचात, 'ऱ' हे एकच अक्षर म्हणून लिहिता येते, किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हे मिळूनही लिहिता येते. शिवाय काही कळफलक 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांतून तोच आकार घडवतात. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. बाइटनुसार तुलना करणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ती तीन वेगवेगळी नावे आहेत. ग्रंथपालबाईंच्या कळफलकाचा 'ऱ' एका घराण्यातला होता, माझ्या कळफलकाचा दुसऱ्या. उपाय साधा आहे: फोल्डराचे नाव पुन्हा टाइप करू नये, ते जेथे आहे तेथूनच उचलून कॉन्फिगमध्ये चिकटवावे. आणि मराठी कळफलक चालू असताना आकडे लिहू नयेत. 'प्रती ३० ठेवा' यातील देवनागरी तीस बहुतेक सॉफ्टवेअरना संख्या वाटत नाही.

वगळण्याच्या नियमांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण 'कॉन्फिगकडे दुर्लक्ष' या सदरात मोडणाऱ्या कितीतरी तक्रारी प्रत्यक्षात या नियमांविषयीच्या गैरसमजाच्या असतात. आरसिंकमध्ये नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा नियम लागू होतो. खाली लिहिलेला अपवाद तेथपर्यंत पोचतच नाही. नियमाच्या सुरुवातीची तिरकी रेघ म्हणजे सबंध डिस्कचे मूळ असे आपण समजतो, पण आरसिंकच्या लेखी ते 'पाठवायच्या गोष्टीचे मूळ' असते. 'होम'मधील 'ग्रंथालय' हे फोल्डर पाठवायचे आहे आणि त्यातील 'तात्पुरते' वगळायचे आहे असे धरा. स्रोताच्या पाथच्या शेवटी तिरकी रेघ नसेल, तर नियम '/ग्रंथालय/तात्पुरते' असा हवा. शेवटी रेघ असेल, तर '/तात्पुरते' असा हवा. '/होम/ग्रंथालय/तात्पुरते' असा पूर्ण पाथ लिहिणारा माणूस सर्वांत काळजीपूर्वक लिहितो, आणि त्याचाच नियम दोन्ही वेळा निष्फळ ठरतो. होम फोल्डरासाठी लिहिली जाणारी नागमोडी रेघही (~) कॉन्फिग फाइलीत पुष्कळदा उलगडली जात नाही. तिचा अर्थ शेल लावत असतो, आणि कॉन्फिग फाइल वाचताना शेल मध्ये नसतो.

त्यातून नियम बरोबर लागला, तरी तो मागील गोष्टींना लागू होत नाही. फोल्डर आजपासून वगळले, तर त्याची आधी गेलेली प्रत साठ्यात राहतेच. आरसिंकला 'डिलीट' हा पर्याय दिला तरीही वगळलेल्या फाइली पलीकडे सुरक्षित ठेवल्या जातात. त्या पुसायच्या असल्यास तसा निराळा पर्याय द्यावा लागतो. रेस्टिक किंवा बोर्गसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या स्नॅपशॉटांत (त्या त्या वेळी घेतलेल्या प्रतींत) ते फोल्डर शाबूत असते, आणि ते स्नॅपशॉट काढून नंतर साफसफाईची कमांड दिल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. साठ्याचा आकार कमी झाला नाही म्हणून वगळण्याचा नियम लागला नाही असा निष्कर्ष काढू नये. आजच्या स्नॅपशॉटमधील फाइलींची यादी छापून पाहावी.

रेस्टिकचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट नोंदवतो. रेस्टिक आपल्या सूचना कमांडच्या ओळीतून आणि एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलांतून घेते. आपण लिहावी अशी कॉन्फिग फाइल त्याला नाही. साठ्याच्या फोल्डरात 'कॉन्फिग' नावाची एक फाइल दिसते खरी, पण ती साठ्याची स्वतःची, गूढलिपीत ठेवलेली नोंद असते. तिला हात लावला तर साठाच उघडेनासा होण्याचा धोका आहे.

चौथ्या टप्प्यावर, म्हणजे सूचनांची जोड देताना, श्रेष्ठ-कनिष्ठतेचा प्रश्न येतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कमांडच्या ओळीत लिहिलेली सूचना सर्वांत वरचढ, तिच्याखाली एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल, त्याखाली कॉन्फिग फाइल आणि सर्वांत शेवटी सॉफ्टवेअरच्या ठरीव सूचना, असा क्रम असतो. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी स्क्रिप्टमध्ये घातलेला एक पर्याय आजच्या कॉन्फिग फाइलला निमूटपणे हरवत राहतो. म्हणून कॉन्फिग फाइलइतकेच ते काम सुरू करणारी स्क्रिप्ट, क्रॉनची ओळ किंवा सर्व्हिसची फाइल शेवटपर्यंत वाचावी. सिस्टमडीच्या बाबतीत 'सिस्टमसीटीएल कॅट' ही कमांड मूळ फाइल आणि तिच्यावर चढवलेले सर्व बदल एकाखाली एक छापते, आणि सर्व्हिसची फाइल बदलल्यानंतर 'डीमन-रीलोड' दिल्याशिवाय तो बदल विचारात घेतला जात नाही.

सतत चालू असणारे सॉफ्टवेअर कॉन्फिग फाइल बहुधा सुरू होताना एकदाच वाचते, हेही विसरता कामा नये. पावसाळ्याच्या तोंडावर वीज जाऊन संगणक बंद पडला आणि पुन्हा सुरू झाल्यावर 'सेटिंग आपोआप सुधारली', असे घडते ते याच कारणाने. प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या डॉकर या सॉफ्टवेअरमध्ये याची एक सूक्ष्म आवृत्ती भेटते. एकच फाइल डब्यात जोडलेली असते, आणि अनेक एडिटर फाइल जतन करताना जुनीच फाइल न बदलता नवी फाइल करून तिला जुने नाव देतात. डबा मात्र जुन्याच फाइलीला धरून बसतो. बाहेरून पाहिले तर बदल आहे, डब्यात शिरून पाहिले तर नाही. एक फाइल जोडण्याऐवजी तिचे सबंध फोल्डर जोडले की हा त्रास टळतो.

इतके करूनही उलगडा न झाल्यास अंदाज बांधणे सोडावे आणि सॉफ्टवेअरच्या मागे चालत जावे. लिनक्सवर एसट्रेस हे साधन प्रोग्रॅमने उघडायचा प्रयत्न केलेली प्रत्येक फाइल क्रमाने दाखवते; फाइल उघडण्याच्या विनंत्यांपुरतेच ते मर्यादित ठेवले, तर त्या यादीत कॉन्फिग फाइल कोणत्या तीन-चार जागी शोधली गेली, कोठे 'अशी फाइल नाही' असे उत्तर मिळाले आणि शेवटी कोणती उघडली, हे लख्ख दिसते. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील प्रोसेस मॉनिटर हेच काम करतो. तेथे सॉफ्टवेअरच्या नावाचा फिल्टर लावला नाही तर लाखो ओळींच्या पुरात बुडायला होते. मात्र ही साधने ज्या यूजरखाली आणि ज्या मार्गाने काम बिघडते, त्याच मार्गाने चालवायला हवीत. आपल्या यूजरखाली चालवलेले एसट्रेस आपलीच फाइल दाखवणार आणि सगळे सुरळीत आहे असा निर्वाळा देणार.

वाचनालयातील दुरुस्ती अखेर दहा मिनिटांची निघाली. रूटच्या फाइलीत नवे खाते नोंदवले, माझ्या घरातील फाइल काढून टाकली आणि रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये कॉन्फिग फाइलचा पूर्ण पाथ लिहिला, म्हणजे यापुढे कोणीही चालवले तरी घर शोधण्याचा प्रश्न येणार नाही. त्या फाइलीत खात्याची किल्ली असल्याने ती फक्त रूटलाच वाचता येईल असे केले, पण लिहिण्याची मुभा त्याला ठेवली, कारण आरक्लोन नवी झालेली किल्ली त्याच फाइलीत परत लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी नव्या खात्यातून १ स्कॅन केलेले पान उतरवून उघडून पाहिले आणि मगच माजी कार्यवाहांना जुने फोल्डर काढून टाकायला सांगितले. त्यांनी ते लगेच काढले. संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन: फोल्डर गेले, पण जागा काही मोकळी झाली नाही. ते फोल्डर त्यांच्या खात्यातील ट्रॅशमध्ये होते, आणि तेथे ते ३० दिवस जागा अडवून बसते.